रातांब्याची साल आणि रातांब्याची बी

चैत्र सरत आला म्हणजे मालवण, देवगड आणि वेंगुर्लें ह्या बाजूच्या खेड्यांतून घरोघरचीं अंगणें तांबडीं दिसूं लागतात. रातांबे झाडावरून उतरून घरांत आलेले असतात. ते फोडून साल एकीकडे, बी दुसरीकडे आणि रस तिसरीकडे अशी वांटणी होते. साल थोडी सुकली कीं तिला त्याच रसांत मीठ घालून पुट द्यावयाचें व पुन्हा उन्हांत पसरावयाची. अशीं कांहीं पुटें बसलीं म्हणजे जें काळसर तांबडें, मऊ व आंबट आमसूल तयार होतें तें कोंकणाबाहेरच्या श्रोत्यांसही परिचयाचें आहे. हें सारें काम पाऊस येण्यापूर्वीं उरकावयाचें असतें, म्हणून तें भर उन्हांत होतें. आणि तें बहुतेक बायकाच करितात.

त्या उन्हाविषयीं प्रथम थोडें सांगितलें पाहिजे. मालवण सुमारें १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य उत्तरेकडे सरकत असतां मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत तो दुपारीं मालवणच्या बरोबर माथ्यावर येतो आणि अंगणांतल्या उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशींच नाहींशी होते. परततांना ऑगस्टांत तो पुन्हा एकदां माथ्यावर येतो खरा, पण तेव्हां आभाळ भरलेलें असतें व कोणास पत्ताही लागत नाहीं. म्हणजे सोलें वाळविण्याचे जे दिवस, तेच नेमके ह्या किनाऱ्यावरील सर्वांत उभ्या उन्हाचे दिवस होत. समुद्रावर रापण ओढणाऱ्यांची अवस्था याहून कठीण. त्यांच्यावर वरून ऊन पडतें तें पडतेंच; शिवाय कोरड्या वाळूवरून सुमारें १५ टक्के आणि फेंसाळ पाण्यावरून सुमारें २५ टक्के अतिनील किरण उलटून अंगावर येतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. डोक्यावर टोपी असली तरी खालून येणाऱ्या किरणांस ती काय करणार?

आतां ह्याच रातांब्याच्या बियांपासून निघणारें घट्ट तेल, ज्यास कोणी कोकमतेल, कोणी भिरंडेल, कोणी मुठेल म्हणतात, तें शहरांतील दुकानांतून सुंदर डब्यांत भरून येऊं लागलें आहे. डब्यावर लिहिलेलें असतें कीं हें निसर्गदत्त आहे, अँटिऑक्सिडंटांनीं भरलेलें आहे, आणि उन्हापासून त्वचेचें रक्षण करितें. मुंबईहून मे महिन्यांत गांवीं आलेली चाकरमान्याची मुलगी तें तोंडाला व हातांना चोळून तारकर्लीच्या वाळूंत भर दुपारीं तीन तास हिंडते, आणि रात्रीं खांदे लाल होऊन तिला कुशीवर निजतां येत नाहीं. तिची आजी म्हणते, "अगो, त्या तेलान् ऊन खंय रवता?" आजीचें म्हणणें आणि डब्यावरचें म्हणणें ह्यांत खरें कोणाचें, ह्याचा शोध घेणें हाच ह्या भाषणाचा विषय आहे.

सूर्यप्रकाशांत डोळ्यांस दिसणाऱ्या जांभळ्या रंगाच्या पलीकडे जे किरण असतात त्यांस जुन्या मराठी पुस्तकांत जंबुपार किरण म्हणत. हल्लीं अतिनील म्हणतात. लाटेची लांबी मोजण्याचें माप नॅनोमीटर; एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. २८० ते ३१५ नॅनोमीटरांच्या किरणांस 'ब' किरण व ३१५ ते ४०० पर्यंतच्यांस 'अ' किरण म्हणतात. जमिनीवर पोंचणाऱ्या अतिनील प्रकाशांत शेंकडा ९५ च्या आसपास 'अ' किरणच असतात. 'ब' किरण थोडे, पण तापट. कातडी भाजते ती मुख्यतः त्यांच्यामुळें. ते पेशींतील आनुवंशिक द्रव्यावर थेट आघात करितात, आणि तो आघात किरण पडतांक्षणींच होतो. 'अ' किरण अधिक खोल जातात आणि त्यांचा मार्ग आडवळणाचा आहे: ते कातडींतील प्राणवायूला चेतवितात, आणि असा चेतलेला प्राणवायु भोंवतालच्या स्निग्ध द्रव्यांस व प्रथिनांस दंश करीत सुटतो. सुरकुत्या, कातडीची सैल पडण, गालांवरील वांग गडद होणें, ह्यांत ह्या दुसऱ्या व्यापाराचा मोठा वांटा असतो. पेशींचें नुकसान वर्षानुवर्षें सांचत गेलें तर कर्करोगापर्यंत मजल जाते. सांवळ्या कातडीला हा धोका गोऱ्या कातडीपेक्षां पुष्कळ कमी आहे, पण ओंठ आणि डोळे यांना तें संरक्षण पुरेसें मिळत नाहीं. समुद्रावर जन्म काढलेल्या माणसाच्या डोळ्यांत नाकाच्या बाजूनें मांस वाढून बुबुळावर येतें, त्यासही हें ऊन कारण होतें.

प्राणवायूचा दंश म्हणजे काय तें स्वयंपाकघरांत रोज दिसतें. चिरलेलें वांगें उघडें ठेविलें कीं घटकाभरांत काळें पडतें; तेंच आंबट पाण्यांत टाकलें तर बराच वेळ पांढरें राहतें. वांग्यांतील द्रव्यांचा प्राणवायूशीं संयोग होऊं न देणें, किंवा तो होण्याआधीं स्वतः पुढें होऊन तो दंश आपल्यावर घेणें, हा ज्यांचा धर्म त्या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. झाडांजवळ हीं विपुल असतात, आणि त्याचें कारण उघड आहे. माणूस ऊन लागलें तर सावलींत जातो. झाडास पाय नाहींत. त्यास अन्नासाठीं ऊन हवें, आणि जादा झालेल्या उन्हापासून बचावही हवा. कोकमाच्या झाडाची कोवळी पालवी तांबूस असते हें अनेकांनीं पाहिलें असेल. पान कोवळें व हरितद्रव्य अपुरें असतां हा तांबडा रंग त्याचा पडदा होतो, असें वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात.

रातांब्याच्या सालींतही तोच तांबडा वर्ग आहे. त्यास अँथोसायनिन म्हणतात. ह्याखेरीज सालींत गार्सिनॉल नांवाचें एक पिवळें, स्फटिकरूप द्रव्य आहे. झाडाच्या गार्सिनिया ह्या शास्त्रीय कुलनामावरून त्यास हें नांव मिळालें. (हें कुलनाम १५६३ सालीं गोव्यांत आपला वनौषधींचा ग्रंथ छापणाऱ्या गार्सिया द ओर्ताचें असावें असा पुष्कळांचा समज होतो. ओर्तानें भिरंडाचा उल्लेख केलेलाही आहे. परंतु नांव आहे तें लॉरां गार्सें ह्या दुसऱ्याच निसर्गशास्त्रज्ञाचें.) गार्सिनॉल प्राणवायूचा दंश उत्तम रीतीनें आवरतें, हें जपानी संशोधकांनीं २००० सालीं प्रयोगांनीं दाखवून दिलें. तेव्हां रातांबा अँटिऑक्सिडंटांनीं भरलेला आहे हें डब्यावरचें विधान खोटें नाहीं.

खोट आहे ती दुसऱ्याच जागीं. हीं सर्व द्रव्यें सालींत आहेत, आणि डब्यांतलें तेल बियांचें आहे! तांबडा रंग पाण्यांत विरणारा. तो तेलांत उतरतच नाहीं. ज्यानें कोकमतेलाचा पांढुरका गोळा एकदां पाहिला आहे त्यास हें सांगावयास नको. त्यांत तांबडेपणाचा लवलेशही नसतो. सालीनें मिळविलेली कीर्ति बीच्या पदरांत टाकून व्यापार चालला आहे. एकाच फळाचीं हीं दोन अंगें आहेत, एवढ्यावरून एकाचा गुण दुसऱ्यास चिकटवावयाचा असेल, तर मग नारळाची करवंटी पिऊन तहान भागावयास हरकत नसावी.

बरें, मग त्या बियांच्या तेलाची किंमत काय? ती फार आहे, पण वेगळ्या कामीं. बिया वाळवून ठेवितात व पुढें सवडीनें फोडून आंतला गर कुटतात. कुटलेला गर पाण्यांत घालून उकळला म्हणजे स्निग्धांश वर तरंगतो. पाणी निवलें कीं त्याचा थर जमतो. तो काढून हातानें दाबून त्याचे मुटके वळतात. हें तेल शरीराच्या उष्णतेहून किंचित् वरच्या उष्णतेवर, सुमारें ४० अंश सेंटिग्रेडच्या आसपास, वितळतें. म्हणून तें उन्हाळ्यांतही घट्ट राहतें, आणि तळहातावर घासलें कीं मात्र हळूहळू मऊ होऊन पसरतें. त्यांत स्टिअरिक आणि ओलेइक हीं दोन स्निग्धाम्लें मुख्य आहेत. तें कातडीवर पातळ पापुद्र्यासारखें बसतें, आंतील ओलावा बाहेर जाऊं देत नाहीं, चिकटपणाही फारसा ठेवीत नाहीं. थंडींत फुटलेल्या टांचा, मिठाच्या पाण्यानें चिरलेलीं बोटें, उलणारे ओंठ ह्यांवर मालवणच्या बाजूस पिढ्यान् पिढ्या हेंच लावितात, आणि त्याचा गुण येतो. साबण, मलमें, ओंठांचीं प्रसाधनें ह्यांसाठीं कारखानदारही तें घेतात.

परंतु ऊन अडविण्यास द्रव्याच्या घडणींत कांहीं विशेष असावा लागतो. अतिनील किरण ज्यांत शोषले जातात त्या द्रव्यांच्या रेणूंत एकाआड एक दुहेरी बंधांची सांखळी किंवा कडी असते. स्टिअरिक आम्लांत दुहेरी बंध एकही नाहीं. ओलेइकांत एकच, तोही एकटा. ह्यांतून २९० ते ४०० नॅनोमीटरांचे किरण खिडकींतून कवडसा यावा तसे पार होतात. शास्त्राच्या दृष्टीनें आजीचें म्हणणें येथपर्यंत पूर्ण बरोबर आहे.

यावर एक आक्षेप निघेल, व तो उचित आहे. रायपूरच्या दोन संशोधिकांनीं २०१० सालीं निरनिराळ्या तेलांचा सूर्यरक्षक गुणांक, ज्यास एस्. पी. एफ्. म्हणतात, यंत्रावर मोजला, तेव्हां खोबरेल व ऑलिव्ह तेल यांचा गुणांक सात-आठाच्या घरांत आला. हे आंकडे पुढें सर्वत्र पसरले व आजही जाहिरातींतून भेटतात. गुणांक आठ म्हणजे कातडी भाजविणाऱ्या किरणांचा एक अष्टमांश भागच आंत जातो, असा त्याचा अर्थ. परंतु ती चांचणी तेल मद्यार्क व पाणी यांत अत्यंत पातळ करून कांचेच्या नळींत केलेली होती. माणसाच्या कातडीवर केलेली नव्हती. तेल अशा मिश्रणांत नीट विरत नाहीं, आणि गढूळपणा आला तर यंत्राला तोही प्रकाश अडल्यासारखाच दिसतो. गुणांकाची प्रमाणभूत कसोटी ही कीं दर चौरस सेंटिमीटरास २ मिलिग्रॅम लेप माणसाच्या पाठीवर लावावा आणि लेपासहित व लेपावांचून कातडी लाल होण्यास किती किरण लागतात तें पहावें. २०१६ सालीं अमेरिकेंत गॉस व चौहान यांनीं अनेक तेलें आणि फळांचे रस घेऊन त्यांची किरण शोषण्याची शक्ति औषधशाळेंतील मान्य द्रव्यांशीं ताडून पाहिली. तेलें निदान शंभरपटींनीं दुबळीं ठरलीं. रंगीत फळांच्या व कंदांच्या रसांची भुकटी तेलांहून बरी, पण तीही सुमारें दहापटींनीं कमी. त्यांत कोकम नव्हतें. परंतु ज्या जातीचा रंग रातांब्याच्या सालींत आहे त्याच जातीच्या रंगाचीं द्राक्षें, रास्पबेरी, जांभळीं गाजरें तेथें होतीं. शिवाय हा रंग प्रकाशांत व उष्णतेंत टिकत नाहीं. कोकमाचें सरबत खिडकींत ठेविलें तर लाली जाऊन तपकिरी होतें, हा घरोघरचा अनुभव आहे. जो रंग स्वतः उन्हांत उडतो, त्यास उन्हाच्या पहाऱ्यावर बसविण्यांत शहाणपणा नाहीं. आणि सोलकढी पिऊन पाठ भाजावयाची थांबते असेंही कोणी समजूं नये. सोलकढी जेवणासाठीं आहे आणि त्या कामीं तिला तोड नाहीं.

येथें छत्री व पंचा यांतील भेद ध्यानीं घ्यावा. छत्री पाऊस अंगावर येऊं देत नाहीं. पंचा भिजल्यानंतर अंग पुसतो. किरण अडविणारें द्रव्य ही छत्री, अँटिऑक्सिडंट हा पंचा. 'ब' किरणांचा थेट आघात होऊन गेल्यावर पंच्यानें तो पुसला जात नाहीं. 'अ' किरणांनीं चेतविलेला प्राणवायु मात्र पंचा कांहीं अंशीं टिपून घेतो; म्हणून चांगल्या लेपांत दोन्ही घालतात. पंचा कितीही उंची असला तरी मुसळधार पावसांत तोच डोक्यावर धरून बाहेर पडणें हें कोणी करीत नाहीं. उन्हाच्या बाबतींत तें सर्रास होतें.

मग वनस्पतींमध्यें छत्री कोठेंच नाहीं काय? आहे, आणि ती ह्याच किनाऱ्यावर, रोज पायाखालीं येणाऱ्या खडकांवर आहे. पावसाळा लागला म्हणजे भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यांतील खडकांवर पातळ, जांभळट तपकिरी पापुद्र्यासारखें एक शेवाळ उगवतें. त्याचें शास्त्रीय नांव पोर्फिरा व्हिएतनामेन्सिस. जपानांत जें वाळवून भाताभोंवतीं गुंडाळतात त्याचें हें जवळचें नातलग. ओहोटी लागली कीं तें तासन् तास उघडें पडतें, आणि ढग फांकले कीं सारें ऊन त्याच्यावर. त्यानें आपल्या देहांत खरी छत्रीच बनविली आहे. तिचें नांव पोर्फिरा-३३४. कारण ३३४ नॅनोमीटरांचे, म्हणजे 'अ' वर्गांतले किरण ती सर्वांत अधिक शोषते. त्या शेवाळापासून हें द्रव्य वेगळें काढून त्याचे सूर्यरक्षक गुण तपासण्याचें काम पुण्यांतील संशोधकांचा सहभाग असलेल्या एका मंडळीनें २०१० सालीं प्रसिद्ध केलें. युरोपांत ह्याच वर्गांतील द्रव्यें तांबड्या शेवाळापासून काढून प्रसाधनांत घालतातही. परंतु शेवाळ ओरबाडून अंगास फांसलें म्हणजे हें साधत नाहीं. द्रव्य काढणें, शुद्ध करणें, टिकाऊ लेपांत बसविणें व मग कसोटीस लावणें, इतक्या पायऱ्या मध्यें आहेत.

दुसरें उदाहरण काजूचें. वेंगुर्ल्याकडे काजूच्या कारखान्यांत बिया फोडणाऱ्या बायका हातांस राख किंवा तेल चोळून बसतात, कारण टरफलांतील काळपट तेल कातडीस लागलें कीं फोड येतात. ह्याच टरफलाच्या तेलांतील द्रव्यांपासून अतिनील किरण शोषणारीं नवीं संयुगें जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठांतील चार्ल्स डी कोनिंग व त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनीं तयार करून २०१९ सालीं प्रसिद्ध केलीं. जें कातडी जाळतें त्यांतूनच कातडीचें रक्षण करणारें द्रव्य घडविण्याची ही खटपट आहे. ती फळास आली तर सिंधुदुर्गांत ढिगांनीं पडणाऱ्या टरफलांस निराळाच भाव येईल.

काजूचें उदाहरण आणखी एका कारणासाठीं महत्त्वाचें आहे. "झाडपाल्याचें आहे, अपाय काय होणार?" हें वाक्य शिकलेल्या घरांतही नित्य ऐकूं येतें. बावचीच्या बियांत सोरालेन नांवाचें द्रव्य आहे. तें लावून उन्हांत गेलें तर कातडी नेहमींपेक्षां पुष्कळ अधिक भाजते. कोडावरील उपचारांत वैद्य ह्याच गुणाचा हिशेबानें उपयोग करितात; बेहिशेबी वापर केला तर फोड ठरलेले. लिंबाच्या सालींतही ह्याच कुळांतलीं द्रव्यें आहेत. गोरेपणाच्या आशेनें लिंबाची फोड तोंडाला चोळून बाहेर पडणाऱ्या मुलींना आठ दिवसांनीं गालांवर काळे डाग दिसूं लागतात, आणि त्या दोष देतात उन्हाला. अर्धा दोष लिंबाचा असतो.

दुसऱ्या बाजूचें म्हणणेंही ऐकून घेतलें पाहिजे, कारण तें मालवणच्याच दाराशीं आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास समुद्रांत पोंवळ्यांच्या वसाहती आहेत. येथील सागरी अभयारण्य १९८७ सालीं घोषित झालें. त्या पाण्यांत बुडी मारावयास हल्लीं शेंकडों पाहुणे उतरतात, आणि त्यांच्या अंगावरील लेप पाण्यांत मिसळतो. ऑक्सिबेंझोन व ऑक्टिनोक्सेट हीं लेपांतील दोन रासायनिक द्रव्यें पोंवळ्यांस बाधक ठरतात, असें प्रयोगशाळेंत दिसून आल्यावरून हवाई बेटांनीं २०१८ सालीं कायदा करून १ जानेवारी २०२१ पासून तीं असलेल्या लेपांची विक्री बंद केली. उघड्या समुद्रांत त्यांचें प्रमाण अपाय होण्याइतकें असतें कीं नाहीं ह्यावर तज्ज्ञांत वाद आहे. तरीही निसर्गांतील सौम्य छत्री शोधणाऱ्यांची खटपट व्यर्थ नाहीं, हें त्यावरून दिसेल; फक्त तिचा शोध बियांच्या तेलांत करून उपयोग नाहीं.

तोंवर मालवणच्या अंगणांत काय करावें, हा प्रश्न उरतो. सोलें पसरण्याचें व उलटण्याचें काम सकाळीं दहाच्या आंत आणि दुपारीं चारनंतर करितां येतें. मधल्या वेळीं सोलें आपोआप वाळतात, त्यांच्याजवळ उभें राहण्याचें कारण नाहीं. घट्ट विणीचें, लांब बाह्यांचें सुती वस्त्र आणि डोक्यावरून गळ्यापर्यंत घेतलेला पदर हें कोणत्याही तेलाहून मोठें रक्षण आहे, व तें घामानें धुवून जात नाहीं. रापणीवरच्या माणसानें कांठाची टोपी घालावी, आणि जमल्यास काळा चष्मा. लोक हंसतील, पण डोळे त्याचे आहेत. लेप विकत घ्यावयाचा असेल तर डब्यावर ३० किंवा अधिक गुणांक आणि 'अ' व 'ब' दोन्ही किरणांचा उल्लेख आहे कीं नाहीं तें वाचावें. सर्वांगास लावावयाचा तर सुमारें सहा चमचे लागतो, आणि दोन तासांनीं व पोहून आल्यावर पुन्हा लावावा लागतो. बोटभर लावून दिवसभर निर्धास्त राहणें हा पैशाचा अपव्यय होय. समुद्रांत उतरणाऱ्यानें लांब बाह्यांचा सदराच घालून उतरावें, म्हणजे लेपही कमी लागेल.

आणि कोकमतेलाची वेळ संध्याकाळची. हातपाय गोड्या पाण्यानें धुवून, कोरडे करून, मुटक्यावरून नखानें चिमूटभर तेल खरवडावें. तें तळहातांत चोळून मऊ झालें कीं टांचांना, बोटांच्या पेरांना, ओंठांना लावावें. कातडी भाजून लाल झालेली असेल तर त्या रात्रीं तेथें तेल लावूं नये; आधीं गार पाण्याच्या घड्या ठेवून आग शमवावी, आणि एक-दोन दिवसांनीं कातडी कोरडी पडून उलूं लागली म्हणजे मग लावावें. तारकर्लीहून परतलेल्या त्या मुलीच्या खांद्यांवर आजीनें पहिल्या रात्रीं ओल्या पंचाच्या घड्याच घातल्या. मुठेलाचा गोळा तिनें फळीवरून काढला तो तिसऱ्या दिवशीं.